युद्धकाळातील शालेय संघ आणि त्यांचे प्रशिक्षक : कोशिएन, १९४२

मैदानप्रेमी (धागाकर्ता)

जपानमध्ये दरवर्षी ऑगस्ट महिन्यात कोशिएनच्या मैदानावर शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरते. असाही वृत्तपत्राने १९१५ साली सुरू केलेल्या या स्पर्धेला तिथे जे स्थान आहे, ते आपल्याकडे कोणत्याही शालेय स्पर्धेला नाही. अख्खा प्रांत आपल्या एका शाळेच्या पाठीशी उभा राहतो. या स्पर्धेच्या अधिकृत क्रमवारीत १९४१ची स्पर्धा सत्ताविसावी आहे. ती रद्द झाली, तरी तिचा क्रमांक राखून ठेवलेला आहे. त्यानंतरची अठ्ठाविसावी स्पर्धा थेट १९४६ची आहे. मधल्या चार वर्षांना क्रमांकच नाही. मात्र त्यांतल्या १९४२च्या ऑगस्टमध्ये कोशिएनवर सोळा शाळांचे संघ प्रत्यक्ष खेळले होते, अंतिम सामना झाला होता आणि एक शाळा जिंकलीही होती. या स्पर्धेविषयी आणि त्या काळातल्या प्रशिक्षकांविषयी इथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. शालेय बेसबॉलची लोकप्रियता इतकी वाढली होती की १९३२ साली शिक्षण मंत्रालयाने एक नियंत्रण आदेश काढून शालेय आणि विद्यापीठीय बेसबॉल आपल्या देखरेखीखाली घेतले. सामने किती व्हावेत आणि कोणी भरवावेत, हे मंत्रालय ठरवू लागले, आणि विद्यार्थ्यांना व्यावसायिक खेळाडूंसोबत खेळण्यास मनाई झाली. खेळाचा बाजार होऊ नये हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता, आणि तो अगदीच खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु एकदा दोरी सरकारच्या हाती गेल्यावर पुढच्या गोष्टी सोप्या झाल्या. १९४१च्या उन्हाळ्यात प्रांतोप्रांतीच्या पात्रता फेऱ्या सुरू झालेल्या असताना, सैन्याच्या मोठ्या हालचालींसाठी रेल्वे मोकळी हवी म्हणून देशव्यापी क्रीडास्पर्धांवर बंदी आली आणि स्पर्धा अर्ध्यावर थांबली. पुढच्या वर्षी मंत्रालयाने आणि त्याच्या आधिपत्याखालच्या विद्यार्थी क्रीडासंस्थेने स्वतःच स्पर्धा भरवली. असाहीने ही आपलीच पुढची स्पर्धा मानावी आणि विजेत्यांना परंपरेचा किरमिजी ध्वज द्यावा, अशी विनंती केली होती. ती नाकारण्यात आली. क्रमवारीतल्या रिकाम्या जागेचे कारण हेच आहे.

त्या स्पर्धेत सामना सुरू करण्यासाठी नेहमीच्या भोंग्याऐवजी रणशिंग वाजवले जात असे. संघांच्या सदऱ्यांवरची रोमन अक्षरे काढून तिथे चिनी लिपीतली अक्षरे लावली गेली. धावफलकाजवळ युद्धाच्या घोषणा झळकत होत्या. हे सारे वरवरचे होते असे म्हणता येईल. खरा फरक खेळाच्या नियमांत होता, आणि मला त्यांतले दोन नियम फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला नियम असा की फलंदाजाने अंगावर येणारा चेंडू चुकवायचा नाही. चेंडूपासून अंग काढून घेणे हे लढाऊ वृत्तीला शोभत नाही, असे त्यामागचे म्हणणे होते. ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो की हा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच कठीण असतो, तो टप्पा न पडता थेट येतो, आणि त्या काळात फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. समोर उभी असलेली मुले सोळा-सतरा वर्षांची होती.

दुसरा नियम असा की गंभीर दुखापतीने मैदानावर उभे राहणेच अशक्य झाल्याखेरीज खेळाडू बदलायचा नाही. या नियमाकडे प्रशिक्षकाच्या जागेवरून पाहावे. बेसबॉलमध्ये सामन्याचा सगळा भार चेंडू फेकणाऱ्या पिचरवर असतो. नऊ डावांत तो शंभराहून अधिक चेंडू पूर्ण ताकदीने फेकतो, आणि शालेय संघात बहुधा एकच चांगला पिचर असल्याने तोच मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. अशा वेळी प्रशिक्षकाच्या हातात जे मोजके निर्णय असतात, त्यांतला सर्वांत मोठा निर्णय म्हणजे थकलेल्या मुलाला बाहेर बोलावणे. त्याचा खांदा आता साथ देत नाही, त्याची फेक छातीच्या उंचीला येऊ लागली आहे, हे प्रशिक्षकाला आधी दिसते आणि मुलाला स्वतःला सर्वांत शेवटी कळते. १९४२च्या नियमाने प्रशिक्षकाच्या हातातून नेमका हाच निर्णय काढून घेतला. त्याच्याकडे मुलांना लढायला सांगण्याचा अधिकार उरला. त्यांना थांबवण्याचा उरला नाही.

अंतिम सामना २९ ऑगस्टला तोकुशिमा कमर्शियल आणि क्योतोची हेइआन मिडल स्कूल यांच्यात झाला. तो अकरा डावांपर्यंत लांबला आणि तोकुशिमाने ८-७ असा जिंकला. निर्णायक धाव कोणाच्या जोरदार फटक्यावर आली नाही. मैदानावरचे तिन्ही तळ भरलेले असताना पिचरचा नेम चुकत गेला, चार चेंडू बाहेर गेले, फलंदाजाला चालत पहिला तळ मिळाला आणि त्यामुळे तिसऱ्या तळावरचा खेळाडू मूळ तळावर परतून धाव पूर्ण झाली. अकराव्या डावापर्यंत ताणलेल्या सामन्याचा असा शेवट वाचताना माझे लक्ष दर वेळी त्या खेळाडू-बदलाच्या नियमाकडे जाते.

विजेत्यांना ध्वज मिळाला नाही. मिळाले ते एक प्रशस्तिपत्र, आणि तेही जुलै १९४५मध्ये तोकुशिमा शहरावर झालेल्या हवाई हल्ल्यात जळून गेले.

माझा प्रश्न असा आहे की या काळातल्या प्रशिक्षकांचे मूल्यमापन आपण कशाच्या आधारे करावे? जिंकलेल्या सामन्यांवरून ते करता येणार नाही, हे उघड आहे. मला वाटते, सरकारला शाळेच्या संघात सैनिक दिसत असताना ज्या प्रशिक्षकाला त्यात मुले दिसत राहिली, तो चांगला प्रशिक्षक. सभासदांची मते जाणून घ्यायला आवडेल.

सायली

लेख अतिशय आवडला. नियमांकडे प्रशिक्षकाच्या जागेवरून पाहण्याचा मुद्दा पटला. एक शंका आहे. त्या मिडल स्कूलमधल्या मुलांची वये नेमकी काय असत? आपल्याकडे मिडल स्कूल म्हटले की पाचवी ते सातवी डोळ्यांसमोर येते. दुसरे असे की त्या खेळाडूंपैकी पुढे किती जण युद्धावर गेले, याविषयी काही लिहावे.

मैदानप्रेमी

सायलीताई, युद्धपूर्व जपानमध्ये ही शाळा पाच वर्षांची असे आणि मुले साधारण बारा ते सतरा वर्षांची असत. १९४८च्या शिक्षणव्यवस्थेतील बदलानंतर हीच स्पर्धा हायस्कूलची झाली, म्हणून आज तिला हायस्कूल बेसबॉल म्हणतात.

किती जण गेले याचा आकडा मी देणार नाही, पण एका मुलाविषयी लिहितो. वाकायामाच्या काइसो मिडल स्कूलचा शिमा सेइची हा डावखुरा पिचर होता. त्याच्या फेकीत जबरदस्त वेग होता, परंतु मोठ्या सामन्यात तो बिथरत असे आणि त्याचा चेंडूवरचा ताबा सुटत असे, त्यामुळे आधीच्या स्पर्धांत त्याच्या संघाला हार पत्करावी लागली होती. १९३९च्या उन्हाळ्यात मात्र त्याने पाच सामन्यांतले सगळे पंचेचाळीस डाव एकट्याने फेकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. उपांत्य आणि अंतिम, या दोन्ही सामन्यांत त्याने एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्यानंतर थेट १९९८ साली मात्सुझाका दाइसुके याने केली; दोघांच्या मध्ये एकोणसाठ वर्षे गेली.

शिमा पुढे मेइजी विद्यापीठात गेला. १९४३च्या शरद ऋतूत विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून मिळणारी सवलत रद्द झाली आणि तो नौदलात दाखल झाला. २९ मार्च १९४५ रोजी व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ त्याचे जहाज बुडवले गेले, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. २००८ साली त्याचा जपानच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात समावेश झाला. बिथरणाऱ्या मुलाला दोन-तीन वर्षे सांभाळून, त्याच्यावर विश्वास ठेवून, त्याच्याच हाती पुन्हा पुन्हा चेंडू देणारा कोणीतरी त्या शाळेत होता, म्हणून १९३९चा उन्हाळा त्याच्या वाट्याला आला. प्रशिक्षकाच्या कामाचा हा भाग धावफलकावर कधीच दिसत नाही.

शिरीष क.

मैदानप्रेमी यांनी मेहनतीने लिहिले आहे, पण मला एक गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. लेख वाचून असे वाटते की प्रशिक्षक एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला होते. वस्तुस्थिती इतकी सरळ नव्हती. शाळेच्या मैदानावर सहनशक्ती, आज्ञापालन आणि वेदना गिळून खेळत राहणे यांची शिकवण युद्धाच्या कितीतरी आधीपासून दिली जात होती. वासेदा विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक आणि नंतर असाहीमध्ये शालेय बेसबॉलवर लिहिणारे तोबिता सुइशू यांनी प्रत्येक चेंडूत आपला प्राण ओतावा, अशी शिकवण लोकप्रिय केली. त्यांचा सराव मुलांचा अंत पाहणारा असे, आणि त्याचे त्यांनी उघड समर्थन केले. शेकडो शालेय प्रशिक्षकांनी त्यांचेच अनुकरण केले. १९४२ साली सरकारने चेंडू चुकवू नका असे सांगितले, तेव्हा ते मुलांना नवीन वाटले नसावे. जमीन आधीच नांगरलेली होती. म्हणून प्रशिक्षकांना केवळ परिस्थितीचे बळी मानणे मला मान्य नाही.

नीलांबरी

शिरीषजींचा मुद्दा रास्त आहे, परंतु तोबिता यांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्याविषयीची दुसरी गोष्टही इथे यायला हवी. ती विद्यापीठाची आहे, तरीही त्या संघांतली मुले काही वर्षांपूर्वी कोशिएनवर खेळलेलीच होती, त्यामुळे ती विषयाला सोडून होणार नाही.

१९४३ साली तोक्योतील सहा विद्यापीठांची साखळी स्पर्धा मंत्रालयाने बंद करायला लावली. बहुतेक संघ विखुरले. तोबिता यांनी वासेदाच्या मुलांचा सराव मात्र चालू ठेवला. विद्यार्थ्यांना सैन्यात बोलावले जाणार हे स्पष्ट झाल्यावर प्रतिस्पर्धी केइओ विद्यापीठाच्या खेळाडूंनी जाण्याआधी वासेदाशी एकदा खेळण्याची इच्छा व्यक्त केली आणि केइओचे अध्यक्ष कोइझुमी शिन्झो यांनी ती उचलून धरली. वासेदाचे प्रशासन कचरत होते, कारण मंत्रालयाची नाराजी ओढवली असती. तोबिता आणि बेसबॉल विभागाने जबाबदारी आपल्या शिरावर घेतली आणि १६ ऑक्टोबर १९४३ रोजी वासेदाच्या तोत्सुका मैदानावर सामना झाला. कोइझुमींना मान्यवरांसाठी राखलेली जागा देऊ केली, तेव्हा ती नाकारून ते विद्यार्थ्यांमध्ये जाऊन बसले. त्यांचा स्वतःचा मुलगा आदल्याच वर्षी नौदलात असताना मारला गेला होता. वासेदाने १०-१ असा सामना जिंकला. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांची विद्यापीठगीते गायली. पाचच दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, मेइजी जिंगूच्या क्रीडागारात भर पावसात भरतीच्या विद्यार्थ्यांचे संचलन झाले.

कठोर सरावाचे तत्त्वज्ञान सांगणारा माणूस आणि मुलांना एक शेवटचा सामना मिळावा म्हणून रोष पत्करणारा माणूस एकच होता. त्यामुळे मला तोबितांना एका खणात ठेवता येत नाही.

शिरीष क.

नीलांबरीताई, हा तपशील माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातो हे मान्य आहे, आणि तो दिल्याबद्दल आभार. मी इतकेच म्हणेन की शेवटचा सामना मिळवून देणे ही मोठी गोष्ट असली, तरी त्या मुलांच्या मनाची घडण त्याआधी अनेक वर्षे होत आली होती. मुलाला थांबायला शिकवणारा प्रशिक्षक त्या काळात विरळाच होता. मैदानप्रेमी ज्या निर्णयाविषयी बोलत आहेत, तो निर्णय नियम येण्याआधीही फारसा कोणी घेत नव्हते. शिमाने पंचेचाळीस डाव एकट्याने फेकले, याचे आपण कौतुक करतो; पण त्याला एकाही डावाची विश्रांती का मिळाली नाही, हेही विचारले पाहिजे.

जुना क्रीडाशिक्षक

मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत कबड्डी आणि मैदानी खेळ शिकवले, त्यामुळे या चर्चेतला एक भाग मला जवळचा वाटतो. थकलेला मुलगा कधीही थकलो असे सांगत नाही. त्याला विचारले, तर तो हसून "सर, मी ठीक आहे" म्हणतो, आणि आंतरशालेय सामन्यात तर हमखास म्हणतो. म्हणून त्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहायचे असते. चढाई करून परतताना मुलाची टाच जमिनीला घासू लागली की त्याला बाहेर बसवायचे, मग त्याने कितीही आर्जवे केली, तरी ऐकायचे नाही. हा अधिकार नसेल, तर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शिक्षकाचा मुलांना काही उपयोग नाही. शिरीषजी, तुमचा प्रश्न योग्य आहे, पण अधिकार असून तो न वापरणे आणि अधिकारच नसणे यांत फरक आहे. पहिल्या स्थितीत निदान एखादा शहाणा शिक्षक वेगळे वागू शकतो.

जपानमध्ये शाळेच्या मैदानावर हातबॉम्ब फेकण्याचा सराव घेत असत, असे ऐकले आहे. त्याविषयी कोणी खात्रीने सांगू शकेल काय?

मैदानप्रेमी

सर, १९३९ साली पंधरा ते पंचवीस वयोगटातल्या मुलग्यांसाठी शारीरिक क्षमतेची एक राष्ट्रीय चाचणी सुरू झाली. तीत धावणे, लांब उडी आणि आडव्या दांड्यावर हनुवटी टेकेपर्यंत अंग उचलणे यांच्याबरोबर हातबॉम्ब फेकणे आणि ओझे घेऊन पळणे हेही प्रकार होते.

हातबॉम्बाचा बेसबॉलशी एक दुःखद संबंध आहे. सावामुरा एइजी हा क्योतो कमर्शियल शाळेचा मुलगा. १९३४ साली अमेरिकेचा नामांकित संघ जपानमध्ये आला, तेव्हा १९३२च्या आदेशामुळे त्याला शाळेत राहून खेळता येईना, म्हणून त्याने शाळा सोडली. २० नोव्हेंबरला शिझुओका इथे सतरा वर्षांच्या सावामुराने नऊ फलंदाजांना चेंडूला बॅट लावू न देता बाद केले, त्यात बेब रूथही होता. लू गेरिगच्या एकमेव फटक्यामुळे सामना ०-१ असा गेला. पुढे चीनच्या आघाडीवर बेसबॉलच्या चेंडूपेक्षा कितीतरी जड हातबॉम्ब सतत फेकून त्याचा खांदा निकामी झाला. परत आल्यावर त्याला वरून फेकता येत नव्हते, तो हात आडवा ठेवून फेकू लागला. तिसऱ्यांदा बोलावणे आल्यानंतर २ डिसेंबर १९४४ रोजी त्याला नेणारे जहाज पाणबुडीने बुडवले. जपानमधला सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार १९४७ पासून त्याच्या नावाने दिला जातो.

अनिकेत फीनिक्स

मी अॅरिझोनामध्ये राहतो. याच युद्धातली, परंतु समुद्राच्या या बाजूची एक हकीकत सांगतो, कारण मैदानप्रेमी यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला तिच्यात सापडते.

१९ फेब्रुवारी १९४२च्या अध्यक्षीय आदेशानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरे सोडायला लावून छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. अशी एक छावणी फीनिक्सच्या दक्षिणेला गिला रिव्हर इथे, तिथल्या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर, त्यांचा विरोध डावलून उभारली गेली. तिथे फ्रेस्नोहून आणलेल्यांत केनिची झेनिमुरा होते. हिरोशिमात जन्मलेले, हवाईत वाढलेले झेनिमुरा जेमतेम पाच फूट उंचीचे होते. १९२७ साली फ्रेस्नोच्या प्रदर्शनी सामन्यात ते बेब रूथ आणि लू गेरिग यांच्याबरोबर खेळले होते. त्या दोघांच्या मधोमध उभे असलेल्या झेनिमुरांचे छायाचित्र आजही सर्वत्र पाहायला मिळते.

झेनिमुरांनी आपल्या मुलांना बरोबर घेऊन छावणीच्या कडेची वाळवंटी झुडपे उपटायला सुरुवात केली. हळूहळू इतर लोकही आले. धुलाईघराच्या पाण्याच्या नळातून फाटा काढून त्यांनी मैदानापर्यंत पाणी आणले. कुंपणाचे खांब आणि लाकडाच्या वखारीतल्या फळ्या रात्री उचलून आणून चेंडू अडवणारी जाळी आणि प्रेक्षकांसाठी पायऱ्या उभारल्या. सीमारेषेवर भिंत बांधता येत नव्हती, म्हणून एरंडाची झाडे लावली. इथल्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. त्या उन्हात हे काम झाले आहे, हे तो परिसर पाहिल्यावर अधिक जाणवते.

छावणीतल्या बुट्टे हायस्कूलच्या संघाचे प्रशिक्षक झेनिमुराच होते. १८ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे ओकिनावाची लढाई चालू असताना, टूसॉन हायस्कूलचा संघ छावणीत येऊन त्यांच्याशी खेळला. टूसॉन हे लागोपाठ तीन वर्षांचे राज्यविजेते होते. त्यांचे प्रशिक्षक हँक स्लॅगल यांनी आपल्या मुलांना काटेरी तारांच्या वसाहतीत नेऊन खेळवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वातावरण कसे असेल याची कल्पना करावी. सामना दहाव्या डावात गेला आणि बुट्टेने ११-१० असा जिंकला. परतीचा सामना टूसॉनला व्हावा अशी स्लॅगल यांची इच्छा होती, पण तो होऊ शकला नाही.

या दोन प्रशिक्षकांपैकी एकाने मुलांसाठी मैदान तयार केले, आणि दुसऱ्याने आपल्या मुलांना अशा संघासमोर उभे केले की ज्याला देश शत्रू मानत होता. त्यासाठी त्यांनी मोठी भाषणे केली नाहीत. मला या गोष्टीतले स्लॅगल यांचे स्थान झेनिमुरांइतकेच महत्त्वाचे वाटते.

सायली

अनिकेत, हे सारे मला नवीन आहे. एरंडाच्या कुंपणाचा तपशील कायम लक्षात राहील.

मनात एक तुलना आली. आपल्याकडे याच वर्षांत क्रिकेट बंद पडले नव्हते. रणजी स्पर्धा दर मोसमात होत राहिली आणि मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना गर्दी लोटत होती. १९४३-४४च्या पंचरंगीत विजय हजारे यांनी एकट्याने ३०९ धावा केल्या त्या याच काळात. जपानमध्ये सगळे थांबले आणि इथे चालू राहिले, यामागे काय कारण असावे?

शिरीष क.

माझ्या मते मुख्य कारण भरतीच्या पद्धतीत आहे. ब्रिटिश भारताची सेना सुमारे पंचवीस लाखांपर्यंत वाढली, पण ती स्वेच्छाभरतीची होती. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना सक्तीने उचलले गेले नाही, त्यामुळे सरकारला प्रत्येक शालेय संघात हात घालण्याची गरज भासली नाही. शिवाय इथला रोष दुसऱ्याच दिशेने वाहत होता. १९४२च्या ऑगस्टमध्ये तोकुशिमा आणि हेइआन अंतिम सामना खेळत असताना आपल्याकडची महाविद्यालयीन मुले 'चले जाव'च्या मोर्चांत होती.

अनिकेत यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या आधीच्या विधानात भर घालावीशी वाटते. स्लॅगल यांच्यासारखे उदाहरण मला मुलांना थांबवण्याइतकेच मोलाचे वाटते. प्रशिक्षकाला नियम बदलता येत नसले, तरी आपला संघ कोणासमोर उभा करायचा, हे काही वेळा त्याच्या हातात असते.

कोबेकर

मी कोबेला राहतो. कोशिएन इथून रेल्वेने थोड्याच अंतरावर आहे. मैदानाविषयी थोडी माहिती देतो.

१९२४ साली उघडलेल्या या मैदानाच्या प्रेक्षागारावर लोखंडाचे भव्य छत होते. १९४३ साली ते युद्धसामग्रीच्या धातूसाठी उतरवून देण्यात आले. मैदानाच्या एका भागात रताळी लावली गेली, तर दुसऱ्या भागात सैन्याची वाहने उभी राहू लागली. ऑगस्ट १९४५च्या हवाई हल्ल्यांत प्रेक्षागाराला आग लागली. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने मैदान ताब्यात घेतले, त्यामुळे १९४६ची स्पर्धा जवळच्या निशिनोमिया मैदानावर भरली. तिचा पहिला दिवस होता १५ ऑगस्ट १९४६, म्हणजे शरणागतीला बरोबर एक वर्ष झाले होते. एकोणीस संघ आले होते. अन्नटंचाई इतकी होती की संघ आपापला तांदूळ घेऊन आले. ओसाकाच्या नानिवा कमर्शियल शाळेने ती स्पर्धा जिंकली.

ऑगस्टच्या स्पर्धेखेरीज वसंतातही शालेय संघांची एक वेगळी राष्ट्रीय स्पर्धा भरते. १९४७च्या वसंतातली ही स्पर्धा पुन्हा कोशिएनवर झाली, आणि ती कोणी जिंकली हे या धाग्यावर सांगायलाच हवे : तोकुशिमा कमर्शियलने. अंतिम सामना तेराव्या डावापर्यंत गेला होता.

आजही दर वर्षी १५ ऑगस्टला दुपारी बारा वाजता सामना मध्येच थांबतो, भोंगा वाजतो, खेळाडू टोप्या काढून उभे राहतात. प्रेक्षागारातले विक्रेतेसुद्धा पाठीवरच्या टाक्यांसह जागच्या जागी थांबतात. मिनिटभराने पंच हात वर करतात आणि खेळ पुढे चालू होतो.

जुना क्रीडाशिक्षक

कोबेकर, धन्यवाद. युद्धातून परतलेल्या खेळाडूंपैकी पुढे कोणी शाळेत प्रशिक्षक झाले का? मला त्याचे कुतूहल आहे, कारण शिरीषजींनी ज्या घडणीविषयी लिहिले, तिचे पुढे काय झाले हे त्यावरूनच कळेल.

मैदानप्रेमी

सर, अनेक जण झाले. त्यांतले एक नाव या चर्चेशी थेट जोडलेले आहे.

त्सुता फुमिया यांचा जन्म १९२३चा. ते तोकुशिमा कमर्शियलचेच पिचर होते आणि १९४२च्या थोडे आधी शाळेतून बाहेर पडले होते. विद्यापीठात असताना त्यांना नौदलात घेतले गेले आणि आत्मघाती हल्ल्यांसाठी निवडलेल्या वैमानिकांत त्यांची नेमणूक झाली. उड्डाणाची वेळ येण्याआधी युद्ध संपले. थोडा काळ व्यावसायिक बेसबॉल खेळून ते तोकुशिमा प्रांतातल्या इकेदा या डोंगराळ गावाच्या हायस्कूलमध्ये शिक्षक आणि बेसबॉलचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. कोशिएनवर पहिल्यांदा संघ नेण्यासाठी त्यांना १९७१ उजाडावे लागले. मधली जवळपास वीस वर्षे ते प्रांतातल्याच फेऱ्यांत हरत होते आणि तरीही त्याच शाळेत राहिले. डोंगरातल्या मुलांना एकदा तरी बाहेरचे मोठे जग दाखवावे, ही त्यांची इच्छा होती. १९७४च्या वसंतात केवळ अकरा खेळाडूंचा त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

त्सुता सरावात फार कडक होते, त्यामुळे शिरीषजींचा आक्षेप त्यांच्या बाबतीतही पूर्णपणे टळत नाही. मात्र खेळाची त्यांची पद्धत जुन्या शाळेपेक्षा वेगळी होत गेली. एकेक तळ पुढे सरकण्यासाठी फलंदाजाने स्वतःचा बळी देऊन चेंडू हळूच अडवायचा, ही शालेय बेसबॉलची आवडती रीत होती. त्सुतांनी वजने उचलून मुलांचे दंड आणि मनगटे बळकट केली आणि त्यांना धातूच्या बॅटने मोकळेपणी फटके मारायला सोडले. १९८२च्या उन्हाळ्यात इकेदाने अंतिम सामना १२-२ असा जिंकला आणि पुढच्या वसंतातली स्पर्धाही जिंकली. ज्याच्याकडून वीस-बाविसाव्या वर्षी स्वतःचा बळी मागितला गेला होता, त्या माणसाने मुलांना बॅट पूर्ण फिरवायला शिकवले, या दोन गोष्टींचा संबंध मी माझ्या मनात जोडतो. त्सुतांनी तसे म्हटले होते असा माझा दावा नाही.

१९४२च्या संघाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली होती. १९७७ साली शिक्षण मंत्रालयाने तोकुशिमा कमर्शियलला त्या विजयाबद्दल प्रशस्तिपत्र आणि मानचिन्ह दिले. तेव्हा त्या संघातली हयात मुले पन्नाशीत पोहोचली होती. असाहीच्या आणि हायस्कूल बेसबॉल महासंघाच्या क्रमवारीत मात्र ती स्पर्धा आजही नाही. माझे मत असे की तिला क्रमांक देऊ नये, कारण तसे नियम लावलेली स्पर्धा बाकीच्या स्पर्धांच्या रांगेत बसत नाही. पण खेळलेल्या सोळाही शाळांच्या सामन्यांची नोंद त्या नियमांसकट मुख्य इतिहासातच यावी, परिशिष्टात नव्हे. याविषयी कोबेकर यांनी तिथल्या लोकांचे मत कळवले, तर आनंद होईल.

कोबेकर

इथे माझ्या ओळखीच्या बेसबॉलप्रेमींत दोन्ही बाजूंची माणसे आहेत. वयस्कर मंडळींना क्रमांक हवा असतो, कारण त्यांना त्या मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. तरुण मंडळी बहुधा तुमच्यासारखेच बोलतात. माझ्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक मात्र वेगळाच मुद्दा मांडतात. विजेत्यांची चर्चा सगळे करतात, पण ज्या संघाचा पिचर शेवटच्या डावात नेम हरवून बसला, त्या हेइआनचे नाव प्रत्येक नोंदीत तोकुशिमाच्या बरोबरीने यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटते.

मैदानप्रेमी

मलाही पटले. मूळ लेखात हेइआनविषयी मी फार कमी लिहिले आहे. त्या संघाच्या स्पर्धेतल्या वाटचालीवर खात्रीची माहिती जमवून याच धाग्यात स्वतंत्र प्रतिसाद देईन.